अळणी

“त्याच्या घरचं मीठ तेवढं पोटात जाऊ देऊ नगंस, गेनू. मीठ खाल्लं की हात उठत न्हाई.”

आईचं हे बोलणं गेनूच्या कानात होतं आणि डोळ्यांसमोर चिमाजीची पाठ. सायकलच्या कॅरिअरवर बसून तो दिल्ली बघत होता, म्हणजे ती पाठच बघत होता. घामानं सदरा चिकटलेली, रुंद, बेसावध पाठ. बंडीच्या आत सुरा होता. भर रस्त्यात नको, घरात एकटा गाठायचा, हे त्यानं गावी, कामथडीतच ठरवलं होतं.

खतासाठी धनगराची मेंढरं आधी कुणाच्या वावरात बसवायची, एवढ्याशा गोष्टीवरून चिमाजीनं सोनबाच्या डोक्यात काठी घातली होती. सोनबा म्हणजे गेनूचा बाप. तो बांधावरच गेला आणि चिमाजी गावातून परागंदा झाला. गेनू तेव्हा आईचा पदर धरून चालायचा. सगुणाबाईनं देवापुढं हात जोडले आणि मीठ सोडलं. सूड उगवेपर्यंत अळणी खाईन, म्हणाली. सणासुदीलाही तिचा नेम मोडला नाही.

पुढं लढाईच्या दिवसांत नसरापूरचा एक शिपाई रजेवर आला आणि सहज बोलून गेला, “दिल्लीत आपल्याकडचा एक चिमाजी हाय. सायकली दुरुस्त करतो. गावाकडचं कुणी भेटलं की दुकान बंद करतो आन् त्याला सायकलवर घालून दिल्ली दाखवतो.”

गेनू आईच्या पाया पडला. “आता तुझ्या ताटात मीठ मीच वाढीन,” म्हणाला आणि निघाला. चिमाजीला त्यानं शिवऱ्याचा ज्ञानू असं नाव सांगितलं.

लाल किल्ल्यापाशी चिमाजीनं खारे दाणे घेतले. पुडी मागं केली.

“घे, ज्ञानबा.”

“उपास हाय.”

“आज कसला रं उपास?”

“आईचा नेम हाय. तोच म्या धरलाय.”

चिमाजीनं पुडी खिशात घातली. बराच वेळ तो नुसते पाय मारत राहिला. मग पुन्हा त्याचं तोंड सुरू झालं. “ह्यो कुतुबमिनार. लई उंच म्हणत्यात. आपला राजगड आणून शेजारी ठेवा म्हणावं, मग बोला!”

परतताना ती मोठी दगडी कमान लागली. “मागल्या लढाईत पडलेल्यांची नावं कोरल्यात हिच्यावर,” चिमाजी म्हणाला.

गेनूनं मान वर केली. मेंढरांच्या लेंड्यांपायी मेलेल्याचं नाव कोण कोरणार? त्याचा हात बंडीत गेला. पाठ तशीच समोर होती. चढ लागला, धाप लागली, तरी चिमाजी त्याला उतर म्हणाला नाही.

दिवेलागणीला ते खोलीवर आले. चिमाजीनं चूल पेटवली, भाकरी थापल्या, डाळ शिजवली. दोन ताटं मांडली आणि दाराला आतून कडी घातली.

“जेव, गेनू.”

खरं नाव ऐकलं आणि सुरा बाहेर आला.

“जेव. ह्यात मीठ न्हाई. तुझ्या आईनं सोडलं हे गावाकडच्यांकडनं कळल्यापासनं ह्या घरात मीठ आलं न्हाई. तुझ्या हाताला आडकाठी हुणार न्हाई.”

“कवा वळखलंत?”

“दाणं घेतलं न्हाईस तवाच.”

“मग दिवसभर पाठ कशाला दिलीत?”

“एकदा पळालो, गड्या. लई झालं.”

चिमाजी मान खाली घालून बसला. सुरा उजव्या हातात होता आणि जेवायचा हातही तोच. गेनू बसला, सुरा खाली ठेवला आणि भाकरीचा तुकडा डाळीत बुडवला. लहानपणी हट्टानं आईच्या ताटातला घास मागून खायचा, अगदी तीच चव जिभेवर आली.

तो उठला. सुरा ताटाशेजारीच राहिला.

“हितं वाणी कुठं हाय?”

“कोपऱ्यावर. काय पायजे?”

“मीठ. एक पुडी हितं लागंल, एक कामथडीला.”

त्यानं कडी काढली आणि सावकाश पायरी उतरला.