ऑइलच्या बोल्टची तार

ब्रह्मपुरीच्या गॅरेजात खुशालने जागतिक शर्यतींतून निवृत्त झालेली मोटारसायकल दोन वर्षं खपून पुन्हा उभी केली होती. रविवारी क्लबच्या हौशी शर्यतीत मुलगी रंजीता ती पळवणार होती. ऑइलचा बोल्ट सुटू नये म्हणून खुशाल तो तारेने जखडत असताना बायको, गोकुळा, दारात आली. थोरला मुलगा सूरज वारल्यापासून तिने गॅरेजात पाऊल टाकलं नव्हतं. सूरजच्या शेवटच्या शर्यतीत पुढच्या गाडीचं ऑइल सांडलं होतं. त्याची गाडी त्यावरूनच घसरली होती. "पोरीले अडवू नको," खुशाल आधीच म्हणाला. गोकुळाने तार ओढून पाहिली, सगळी सोडली, पक्कड मागितली आणि मासे धरायच्या जाळ्याची गाठ आवळावी तशी पुन्हा आवळली. "रंजीताले काही होत नाई," तो म्हणाला. "तिच्यासाठी नाई बांधून राह्यली," गोकुळा म्हणाली. "तिच्या मांगून कोणाचा तरी पोरगा येईन."