आर. हान्ना

"हा फलक उतरव," विद्यालक्ष्मी म्हणाली.

प्रदर्शन मांडणारा शेजारचा प्राणेश अजून शिडीवरच होता. तिरुवल्लिकेणीतल्या मुलींच्या जुन्या शाळेचं प्रदर्शन उद्या सकाळी दहाला उघडायचं होतं आणि शेवटचा फलक नुकताच भिंतीवर चढला होता. त्याच्याखाली काचेच्या पेटीत हान्ना टीचरच्या वस्तू मांडल्या होत्या. एक चामडी बॅग, मद्रासच्या उन्हात कधीच उपयोगी न पडलेले लोकरीचे हातमोजे, आणि दोरीत ओवलेला पुठ्ठ्याचा बिल्ला. बिल्ल्यावर नाव नव्हतं, नुसता नंबर होता. तो गळ्यात घालून नऊ वर्षांची हान्ना व्हिएन्नाला आगगाडीत बसली होती. ज्यू मुलांना वाचवून इंग्लंडला नेणारी गाडी होती ती. फक्त मुलांना. आईबाप फलाटावरच राहिले.

फलकावर सगळं गोडगोड लिहिलं होतं. इंग्लंडमधल्या एका उदार कुटुंबानं आश्रय दिला, मद्रासनं माया दिली, आणि चौतीस वर्षं भूगोल शिकवून टीचरनी ते उपकार फेडले.

विद्यालक्ष्मीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शहात्तराव्या वर्षी गुडघे कुरकुरत असले, तरी तिचा राग अगदी ठणठणीत होता. उपकार कसले? लेकरासाठी दार उघडायचं, आईबापांच्या तोंडावर ते लावून घ्यायचं, आणि वर त्या लेकरानं जन्मभर आभार मानत बसायचं? त्या कुटुंबाचा उदारपणाही तिला चांगला ठाऊक होता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पोरीला आपलं आडनाव लावलं. का, तर तिचं उच्चारायला जड जात होतं. टीचरनी हे एकदा तांदूळ निवडता निवडता सांगितलं होतं, आणि ऐकणाऱ्या सगळ्या बायका हळहळल्या होत्या.

"पोरीचं नांव पुसलें त्यांनीं," ती प्राणेशला म्हणाली. "आणि तूं त्यांना उदार म्हणतोस."

आपल्या घरानं तसं केलं नाही, हे तिनं त्याला शिडीवरून उतरू न देताच ऐकवलं. टीचर सत्तावन्न साली वरच्या खोलीत भाड्यानं आल्या त्या शेवटपर्यंत तिथंच राहिल्या. विद्यालक्ष्मीच्या अम्मानं पहिल्याच दिवशी घराला दम भरला होता, पावम्, बिचारीला मागचं काहीं विचारूं नका. कुणी विचारलं नाही. मग रेशनकार्डाची वेळ आली. इथं प्रत्येकाच्या नावाआधी बापाच्या नावाचं पहिलं अक्षर लागतं. कारकुनानं वडिलांचं नाव विचारलं आणि टीचर गप्प झाल्या. तेव्हा विद्यालक्ष्मीचे अप्पा, रामस्वामी, क्षणभरही न थांबता म्हणाले, माझं लिहा. त्या दिवसापासून त्या आर. हान्ना झाल्या. ही गोष्ट घरातल्या प्रत्येक लग्नात एकदा तरी सांगितली जायची.

अप्पा गेले त्या वर्षीचं श्राद्धही तिनं सांगितलं. भाऊ तर्पण करत होता, तीन पिढ्यांची नावं घेत होता. टीचर दारात उभ्या होत्या. गेलेल्यांची नावं मोठ्यानं घेतात का, असं त्यांनी अम्माला हळूच विचारलं. अम्मानं हो म्हटलं. भावाची तिन्ही नावं घेऊन झाली तरी टीचरचे ओठ हलतच होते. बघ, पोटच्या लेकीसारखी अप्पांसाठी प्रार्थना करते आहे, असं म्हणून अम्मानं डोळ्यांना पदर लावला होता.

"तेव्हां हा फलक उतरव," ती शेवटी म्हणाली. "नवा कर. सगळ्यांत वर तिच्या आईबापांचीं नांवं घाल. मोठ्या अक्षरांत."

प्राणेश खाली उतरला. त्यानं कोपऱ्यातली फाइल आणून तिच्यासमोर उघडली. इंग्लंडहून आलेल्या कागदांवर त्या कुटुंबाचं आडनाव. पुढं रेशनकार्ड, शाळेचं सर्व्हिस बुक, पेन्शनचे कागद, हॉस्पिटलचा केसपेपर. वडिलांचं नाव, रामस्वामी. रामस्वामी. रामस्वामी. शेवटी कबरीच्या दगडाचा फोटो होता, विद्यालक्ष्मीनं स्वतः उभं राहून कोरून घेतलेल्या दगडाचा. आर. हान्ना. बिल्ल्यावरचा नंबर कळवून त्यानं परदेशात पत्र धाडलं होतं, पण उत्तराला कित्येक महिने लागणार होते.

"आत्या, महिनाभर शोधतों आहे," तो म्हणाला. "जिथं बापाचं नांव हवं, तिथं तुमच्या अप्पांचं आहे. खरीं नांवं तुम्हीं सांगा. मी आत्तां घालतों."

विद्यालक्ष्मीनं नावं सांगायला तोंड उघडलं. चोपन्न वर्षं एक जिना, एक विहीर, एकाच फिल्टरची कॉफी. ती आठवू लागली. तांदूळ निवडायचं सूप आठवलं, बायकांची हळहळ आठवली. ते जड आडनाव होतं तरी काय, हे विचारणारी एकही बाई आठवली नाही. मग दारात उभ्या असलेल्या टीचर आठवल्या, आणि त्यांचे हलणारे ओठ.

त्या अप्पांसाठी प्रार्थना करत नव्हत्या.

राग तसाच होता. फक्त आता तो इंग्लंडला जायला तयार नव्हता. प्राणेश पेन उघडून वाट पाहत होता. तिनं काचेवर, बिल्ल्याच्या बरोबर वर, तळहात टेकला.

"फलक कोरा कर," ती म्हणाली, "आणि एवढंच लिही. ह्या मुलीला आईबाप होते. त्यांचीं नांवं तिला पाठ होतीं. आम्हीं विचारलीं नाहींत."