विनाथांबा

सीमेपलीकडचे रूळ अलीकडच्यापेक्षा रुंद होते, म्हणून प्रत्येक गाडी या लहानशा स्टेशनात दोन तास थांबायची आणि फिटर मंडळी डबे उचलून खालची चाकं बदलायची. त्यांच्यातल्या थोरल्या फिटरची लेक लग्न होऊन पलीकडे राहत होती. जावयाची रजा मोजकी, ती इकडच्या राजधानीत त्याच्या आईवडिलांकडेच संपायची. माहेरी उतरायला सवड म्हणून नसायची. पण चाकं बदलेपर्यंत आजी नातीला कडेवर घेऊन फलाटभर मिरवायची आणि फिटर तेलकट हात पाठीमागे धरून तिच्याशी बोबडं बोलून घ्यायचा.

मग दोन्ही सरकारांचं जमलं आणि रूळ एका मापाचे झाले.

"बाबा, दोन तास वाचणार आता!" लेक फोनवर म्हणाली.

"वाचणार तर," तो म्हणाला.

ती येणार त्या दिवशी नवरा-बायको फलाटावर जाऊन उभे राहिले. गाडी धडधडत आली, तशीच निघून गेली. बायकोने दिसेल त्या खिडकीला हात केला.

"दिसली का हो तुम्हाला?"

"दिसली ना," तो म्हणाला. त्याला नुसत्या काचा दिसल्या होत्या.

घरी पोचतात तोच लेकीचा फोन आला.



"बाबा, आता काय छान झोप लागते हो गाडीत! आपलं स्टेशन कधी गेलं, कळलंसुद्धा नाही."