अटी मान्य

रेवतीने एकेक भाग जमवून गेमिंगचा कॉम्प्युटर घरीच जोडला होता. आज तिने त्यातली एका बड्या कंपनीची ऑपरेटिंग सिस्टिम पुसून दुसरी, फुकटची टाकली.

"ही आपल्यावर पाळत ठेवत नाही, बाबा," ती म्हणाली. गेम पहिल्यांदाच न अडकता धावत होता. पलंगावर बाबा मास्कच्या आत हसले.

तेवढ्यात त्यांच्या श्वासयंत्राची घरघर थांबली. यंत्रही त्याच कंपनीचं होतं. त्यावर अक्षरं उमटली: 'घरातला कॉम्प्युटर अनोळखी आहे. सेवा थांबवली आहे.'

"जुनीच टाक परत," बाबा कसेबसे म्हणाले.

तिने जुन्या सिस्टिमचा पेनड्राइव्ह लावला. स्क्रीनवरची पट्टी झरझर भरत गेली आणि अगदी टोकाशी अडली. 'घरातल्या प्रत्येकाने स्वतःच्या आवाजात म्हणावं: मला अटी मान्य आहेत.'

रेवतीने म्हटलं. मग बाबांचा मास्क काढून तिने गेमच्या हेडफोनचा माइक त्यांच्या तोंडाशी धरला. त्यांचे निळसर ओठ हलले.

'आवाज ऐकू आला नाही,' स्क्रीनवर आलं. 'कृपया मोठ्याने बोला.'