चौदा वर्षांच्या पावत्या

“या बाई तुमच्या कोण?” करसल्लागार मॅडमनी मनीऑर्डरची एक पावती वर धरली.

लॉन्ड्रीवाला खुर्चीत चुळबुळला. “कोणी नाहीत.”

“चौदा वर्षं दर महिन्याला पैसे पाठवलेत, आणि कोणी नाहीत?”

त्याचा चेहरा पडला. बायकोनंही हेच विचारलं होतं. तेव्हा खरं सांगायला त्याची जीभ रेटली नाही, आणि ती मुलीला घेऊन माहेरी गेली ती गेलीच. आता दुकानही हातचं चाललं होतं. दोन मशीन बंद, मोठी गिऱ्हाइकं तुटलेली, वर कराची नोटीस. एवढी वजावट मिळाली तर निदान शटर उघडं राहणार होतं.

“खासगी खर्च असेल तर वजा होत नाही,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “धंद्यापायी करावा लागला असेल, तर बघता येईल. सुरुवात कशी झाली?”

त्यानं टेबलावरच्या पावत्या उगाच सारख्या केल्या.

“माझ्या टेम्पोखाली एक सायकलवाला आला,” तो शेवटी म्हणाला. “या बाईंचा नवरा. मी थांबलो नाही. तो गेल्याचं आणि नाव-पत्ता दुसऱ्या दिवशी पेपरात वाचला. पैसे खोट्या नावानं पाठवले.”

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. “टेम्पोत काय होतं?”

“हॉस्पिटलच्या चादरी. पोचवायला निघालो होतो.”

“म्हणजे धंद्याच्याच कामावर होतात.”

“हो, हो! कामावरच!” तो घाईघाईनं म्हणाला, आणि आपल्याच आवाजातला आनंद ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मग तसं लेखी द्या. तारीख, जागा, गाडीचा नंबर. खाली सही.”

त्यानं लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं, पण सही करताना छातीवरचा धोंडा जरासा सरकल्यासारखा वाटला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो कुणापाशी तरी बोलला होता.

मॅडमनी कागद दोनदा वाचला. घडी घातली. त्याच्या फाइलीत न लावता स्वतःच्या पर्समध्ये ठेवला.

“वजावट मिळेल ना, मॅडम?”

“मिळेल,” त्या म्हणाल्या. “याच पैशांतून आईनं माझी कॉलेजची फी भरली. पाठवतंय कोण, एवढंच तिला शेवटपर्यंत कळलं नाही.”