अर्थिंगची काठी

पहिली बाटली नवऱ्याने भिंतीवर फोडली, दुसरी तिच्या पायाशी. तेल फरशीभर पसरलं आणि प्रयोगशाळेत आंबूस, करपट वास सुटला. ट्रान्सफॉर्मरच्या आत तांब्याच्या तारेवर गुंडाळतात, तसल्या कागदाच्या पट्ट्या होत्या त्या बाटल्यांत. तेलात बुडवून भट्टीत तापत ठेवलेल्या. उष्णतेनं आणि आम्लानं हा कागद कसा कुजत जातो, हाच तिच्या पीएचडीचा विषय. दोन वर्षं तिने त्या बाटल्या पोटच्या पोरासारख्या जपल्या होत्या.

"बदलीची ऑर्डर आली, ट्रक दारात उभा, आणि ही बया इथे तेल उकळत बसलीये!" तिसरी बाटली फुटली. "येतेस की नाही, डॉक्टरीणबाई?"

"शेवटची चाचणी संपू दे. मग येते म्हटलंय ना मी."

त्याने खाडकन तिच्या मुस्कटात भडकावली. ती रॅकवर आदळली, ओठ फाटला. सुट्टीचा दिवस, हाक मारून येणार तरी कोण? तोंडात रक्त, डोळ्यांपुढे काजवे, आणि तरी तिचं लक्ष गेलं कुठे, तर फरशीकडे. त्याच्या बुटाखाली एक पट्टी आली होती आणि न वाकता तिचा भुगा झाला होता. एवढी कुजली? इतक्या लवकर? आहे की नाही कमाल! बाई मार खातेय आणि डोकं आपलं हिशेब करतंय.

"कुठेय ती तुझी शेवटची?"

ती त्याला दिसलीच. खोलीच्या मधोमध जाळीचा पिंजरा. आत काचेच्या भांड्यात तिचा शेवटचा नमुना, शेजारी पुरुषभर उंच कपॅसिटर, आणि दोघांना जोडणारा तांब्याचा उघडा दांडा. दारावर लाल दिवा.

"तिथे जाऊ नकोस!" ती किंचाळली. "मरशील!"

त्याने लाथ घालून पिंजऱ्याचं दार उघडलं. दार उघडताच सप्लाय तुटला, लाल दिवा जाऊन हिरवा लागला. कित्येक महिने अखंड चाललेली चाचणी तिथल्या तिथे मेली. आता पुन्हा पहिल्यापासून.

हिरव्या दिव्याकडे बघून तो हसला. "मला घाबरवतेस काय? झालं बंद!"

बंद झाला होता तो सप्लाय. कपॅसिटरमध्ये वीज अजून ठासून भरलेली होती. म्हणून तर पिंजऱ्याच्या दाराशी अर्थिंगची लांब काठी टांगलेली असते. टोकाला तांब्याचा आकडा, आकड्यापासून जमिनीत गेलेली केबल. ती दांड्याला अडकवून वीज जमिनीत उतरवल्याशिवाय आत कुणी बोटसुद्धा लावत नाही. नव्या विद्यार्थ्याला हे पहिल्याच दिवशी शिकवतात. नवऱ्याला कोण शिकवणार?

भांडं उपटायला तो हात लांबवत पुढे सरकला.

ती उभी राहिली. एक श्वासभर नुसती उभी राहिली. मरू दे मेल्याला, असं तिच्या मनात आलं, अगदी लख्ख. अपघात म्हणतील. हळहळतील. तिला घरी सोडायला माणसं येतील.

मग तिने काठी हिसकली आणि त्याच्या खांद्यावरून सपकन दांड्यावर घातली.

धाडकन आवाज झाला. निळा लोळ उठला. त्याचा हात दांड्यापासून वीतभर लांब होता. तो मागे कोलमडला, जाळीवर आपटला आणि फतकल मारून खाली बसला.

आवाज ऐकून वॉचमन धावत आला. काचा, तेल, तिचा फाटलेला ओठ, नवऱ्याचं पांढरंफटक तोंड. तो दारातच थबकला.

"हिने... हिने माझ्यावर काठी घातली!" नवरा ओरडला. "तुम्ही साक्षीदार आहात! जीव घेत होती माझा!"

"जीव घ्यायचा असता," ती म्हणाली, "तर मी जागची हललेच नसते."

वॉचमन काचा चुकवत जवळ आला. "ताई," तो हळूच म्हणाला, "सोडा आता ती काठी."

तिने मूठ उघडायचा प्रयत्न केला. उघडेना.