पुलावरची लॉरेन

“शनिवारपर्यंत खोली रिकामी कर,” लॉरेन म्हणाली.

वॉल्टर ब्लेंकिनला मातीआड करून तीन तासही झाले नव्हते. मर्तिकाला आलेली आठ-दहा माणसं चहा पिऊन, हॅमचे सँडविच खाऊन पांगली होती. स्वयंपाकघरात दोघीच उरल्या होत्या. एक लॉरेन, वॉल्टरची एकुलती एक मुलगी, वय बासष्ट. गेल्या चाळीस वर्षांत ती चार वेळासुद्धा इंग्लंडमधल्या ह्या हल शहरात फिरकली नव्हती. दुसरी मुताले. झांबियाहून शिकायला आलेली आणि दोन वर्षं याच घरात भाड्याच्या खोलीत राहणारी.

मुतालेची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. तरी ती नुसतं “बरं” म्हणाली आणि कपबशा विसळू लागली.

लॉरेन फ्रिजपाशी थांबली. दारावर एक फोटो चिकटवलेला होता. ब्रिडलिंग्टनचा धक्का. वॉल्टर आणि मुताले, दोघांच्या हातात आइस्क्रीम. वाऱ्याने म्हाताऱ्याचे पांढरे केस उभे राहिलेले. तो तोंडभर हसत होता.

“चांगलं खिशात घातलंस की म्हाताऱ्याला,” लॉरेन म्हणाली. “मी ह्या माणसाला हसताना कधी बघितलं नाही. तीन आठवडे मासेमारीच्या जहाजावर, तीन दिवस घरी. त्यातले अडीच दिवस गुत्त्यात. जेवायला बसला की तोंडापुढे पेपर. आणि तुला घेऊन समुद्रावर जातो. आइस्क्रीम खातो!”

मुतालेने नळ बंद केला.

पहिल्या हिवाळ्यात ती खोलीबाहेरच पडत नसे. दुपारी चारला अंधार व्हायचा आणि ती गरम कपड्यांनिशी पलंगावर बसून राहायची. घरी फोन केला की आवाज रडका यायचा, म्हणून फोनही करायची नाही. एका रविवारी वॉल्टरने दार वाजवलं. “बूट घाल पोरी. समुद्र बघितलायस कधी?” तिच्या देशाला समुद्रच नाही. त्या दिवसापासून दर रविवारी दोघं बसने कुठे ना कुठे जाऊ लागले. बसमधून उतरताना ड्रायव्हरचे आभार मानायचे, पुढचा कितीही रेंगाळला तरी रांग सोडायची नाही, बटाट्याची पॅटी कढईतून निघाली की तिखटमीठ भुरभुरून तिथेच उभ्याने खायची, हे सगळं त्यानेच तिला शिकवलं. आणि जाईल तिथे तो एकीचंच नाव काढायचा.

“ते तुमच्याबद्दलच बोलायचे,” मुताले म्हणाली. “सगळीकडे. ‘इथे आमच्या लॉरेनला आणलं होतं.’ बेव्हर्लीच्या मोठ्या चर्चमध्ये तुम्ही ओरडून आवाज घुमवला होतात. ब्रिडलिंग्टनला गाढवावरून उतरायलाच तयार नव्हतात. आणि हंबर नदीच्या पुलावर मधोमध पोचल्यावर खालचं पाणी बघून घाबरलात, तेव्हा बा वॉल्टरनी तुम्हाला खांद्यावर घेऊन पलीकडे नेलं.”

वडीलधाऱ्यांच्या नावाआधी ‘बा’ लावायची तिच्या गावची रीत होती.

लॉरेनने फ्रिजकडे पाठ केली.

“तो पूल एक्याऐंशी साली सुरू झाला,” ती म्हणाली. “मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. घर सोडून दोन वर्षं झाली होती. मला त्याने कुठेही नेलं नाही. ह्या गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा नाही. एका खोलीसाठी मेलेल्या माणसाच्या नावावर असल्या कहाण्या रचतेस? लाज नाही वाटत?”

मुतालेचे कान तापले. पुलाच्या कठड्याला धरून, पाण्याकडे बघत बोलणारा म्हातारा तिला आठवला. त्याचा एकही शब्द खोटा असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. माफी मागून वर खोलीत निघून जावं, असं तिच्या मनात आलं. पण म्हातारा आता बोलायला येणार नव्हता. त्याचं बोलणं ऐकलेली ती एकटीच उरली होती.

“पुलाचं साल मला माहीत नव्हतं,” ती हळूच म्हणाली. “त्यांनी सांगितलं तेच मी सांगितलं. मासा खाताना तर नेहमी सांगायचे. ‘आमची लॉरेन वरचं कुरकुरीत तळलेलं आवरण आधी सोलून बशीच्या कडेला ठेवते. नुसता मासा संपवते. मग डोळे मिटून ते आवरण खाते. आणि डोळे उघडले की पहिल्यांदा बापाकडे बघते, त्याचं लक्ष होतं का म्हणून.’”

लॉरेनने खुर्चीची पाठ धरली. मग खुर्ची ओढून ती बसली आणि दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली. बाहेर शेजारच्या कुणीतरी कचऱ्याचा डबा खडखडत आत नेला. लॉरेन आजीबाईसारखी दिसत होती, आणि सात-आठ वर्षांच्या पोरीसारखीही.

“पेपराआडून,” ती म्हणाली. “म्हणजे बघत होता.”

मुताले दारापाशी गेली. आपण इथे थांबू नये असं तिला वाटलं.

“जाऊ नकोस. बस,” लॉरेन म्हणाली. तिने समोरची खुर्ची पायाने पुढे सरकवली. “आणखी कुठे कुठे नेलं होतं त्याने मला?”